आल्सासमधला कूड

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून आधीच कबूल करून टाकतो. त्या ट्रिपमागे माझा एक छुपा हेतू होता.

झालं असं, की २०२५च्या मे महिन्यात आई-बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे स्टुटगार्टला आले. ते विमानात बसायच्या आधीच चिपळूणहून दादाचा (म्हणजे माझ्या चुलतभावाचा) फोन. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराला गिऱ्हाईक आलंय. म्हणजे जागेला आलंय, घर त्याला नकोच आहे. घराच्या लाकडाला वेगळं गिऱ्हाईक, कारण फणसाचे जुने खांब आणि जाडजूड तुळया हल्ली रिसॉर्टवाले शोधत फिरतात. अर्धी मालकी बाबांची, त्यामुळे त्यांची सही हवी. आणि बाबा गेलं वर्षभर एकच शब्द बोलत होते, "बघू."

"तुझ्याकडे येतायत ना, तिथे शांतपणे विषय काढ," दादा म्हणाला. "घर बसत चाललंय रे. पडवीचे दोन वासे गेले गेल्या पावसात. मी एकटा किती वेळा जाऊ?"

दादाचं काही चुकत नव्हतं. आजी २०११ साली गेली, तेव्हापासून घर बंद. पाच-सहा वर्षं गणपतीपुरतं उघडलं जायचं, मग गणपतीही दादाच्या फ्लॅटवर गेले. मी स्वतः तिथे शेवटचा गेलो त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हा मी दादाला छातीठोकपणे सांगून टाकलं, "तू काळजी करू नकोस. मी बोलतो." हापिसात दुसऱ्याचा बग स्वतःच्या नावावर घेताना जो मूर्ख आत्मविश्वास असतो, तोच.

मे महिन्याच्या शेवटी इथे असेन्शनची गुरुवारची सुट्टी होती. मधला शुक्रवार टाकला की चार दिवस मोकळे. जर्मन लोक असल्या शुक्रवाराला 'पुलाचा दिवस' म्हणतात आणि या एका बाबतीत त्यांचा काटेकोरपणा कुठे जातो कोण जाणे. फ्रायबुर्गजवळ एका शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या घेतल्या आणि शुक्रवारी सकाळी आम्ही पाच जण (आई, बाबा, सौ., सात वर्षांची मनू आणि अस्मादिक) ऱ्हाईन ओलांडून फ्रान्समधल्या आल्सासकडे निघालो. एक्सेलमध्ये प्लॅन तयार होता. एगिसहाइम, कायझर्सबर्ग, रिकविर. तीन गावं, एक दिवस, आणि मधल्या गावात साधारण अकरा चाळीसला 'विषय काढणे'. हो, खरंच लिहिलं होतं तसं. फक्त त्या ओळीत 'कॉफी' असं टाकलं होतं, सौ.ने बघितलं असतं तर काही खरं नव्हतं.

पूल ओलांडला, तरी बाबा खिडकीतून नाका शोधत होते. "फ्रान्स कुठे आला?" मी म्हटलं, "पाच मिनिटं झाली येऊन." ते जरा खट्टू झाले. पासपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते बिचारे.

एगिसहाइम हे कोलमारच्या जवळचं गाव. गाव कसलं, रांगोळी आहे. मध्ये एक छोटा किल्ला आणि त्याच्याभोवती गोल गोल गल्ल्या, एकात एक. बाहेरच्या गल्लीतली घरं म्हणजे जुनी तटबंदीच. तुम्ही कुठूनही चालायला लागा, दहा मिनिटांनी परत तिथेच येता. मनूला हा प्रकार इतका आवडला की तिने तीन फेऱ्या मारल्या. चौकात एका पोपचा पुतळा आहे. लिओ नववा, जन्म १००२, १०४९ मध्ये पोप झाला. तो याच गावचा मानतात. शेजारच्या छपरावर करकोच्यांचं घरटं, आणि पर्यटक पोपकडे पाठ करून करकोच्यांचे फोटो काढत होते. १९७०च्या दशकात आल्सासमधल्या करकोच्यांच्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या म्हणे. मग पिंजऱ्यांत वाढवून, त्यांची हिवाळ्यात आफ्रिकेकडे जायची सवय मोडून, पुन्हा वाढवले. आता दर दुसऱ्या छपरावर दिसतात.

घरं मात्र फोटोत बघतो त्याहून भारी. जाड लाकडांचा सांगाडा, उभ्या, आडव्या, तिरक्या तुळया, आणि मधले चौकोन निळे, पिवळे, विटकरी. दारांच्या चौकटींवर साल कोरलेलं आणि मालकाच्या धंद्याची खूण. पाववाल्याच्या दारावर ब्रेत्झेल, द्राक्षवाल्याच्या दारावर कोयता. (आपल्याकडे 'मध्ययुगीन गावं' म्हणून जे फोटो फिरतात त्यातली बरीचशी घरं खरं तर सोळाव्या-सतराव्या शतकातली असतात. मध्ययुगीन असतो तो गावाचा नकाशा, वेशी आणि तट. पण 'सोळाव्या-सतराव्या शतकातलं गाव' असं कोण शोधणार?)

एका गल्लीत एका घराची डागडुजी चालली होती. एका चौकोनातला गिलावा काढलेला, आतलं सगळं उघडं. आम्ही पुढे गेलो आणि बाबा मागेच राहिले. परत येऊन बघतो तर भिंतीला नाक लावून उभे.

"बाबा, हात नका लावू."

"अरे, हा कूड आहे."

"काय?"

"कूड! हे बघ की. काटक्या विणल्यात, त्यावर माती. मातीत काय घातलंय बघ, गवत. आपल्याकडे कारवी आणि भाताचा पेंढा. शेण नसेल घातलेलं कदाचित." मग वास घेऊन, "नाहीच."

पाच हजारहून जास्त किलोमीटर उडून आलेला माणूस फ्रान्समध्ये शेण नाही म्हणून निराश झाला होता. पण पुढचा अर्धा तास बाबांना आवरणं कठीण गेलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते, त्यामुळे जोड दिसला की तो कसा बसवलाय हे कळल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. खिळा कुठे नाही, सगळं कुसू घालून लाकडी खुंट्या ठोकलेल्या, हे त्यांनी मला दाखवलं. मी गाईडबुकात वाचलेलं ज्ञान पाजळलं, की असली घरं खुंट्या काढून उतरवता यायची आणि दुसरीकडे नेऊन परत उभी करता यायची, म्हणून पूर्वी ती जंगम मालमत्ता धरत. सुतार प्रत्येक तुळईवर आकड्यांच्या खुणा करून ठेवायचे, कुठली कुठे बसते ते कळायला.

"मग लाकूडवाला आपलंही नंबर घालून नेणार असेल," बाबा म्हणाले.

माझ्या पोटात खड्डा पडला. विषय काढायचा होता मी, अकरा चाळीसला. सव्वादहालाच तो असा बाजूने येऊन गेला. मी "हं" म्हणालो आणि मनूला शोधायला गेलो.

कायझर्सबर्ग थोडक्यात आटपतो. गावाच्या मधून वाइस नावाची खळाळती नदी, तिच्यावर दगडी पूल, पुलाला चक्क जंग्या. पुलाच्या मधोमध एक छोटी देवळी. वर टेकडीवर पडका किल्ला. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर १८७५ साली इथे जन्मले. तेच ते आफ्रिकेत लाम्बारेनेला दवाखाना काढणारे, १९५२चं शांततेचं नोबेल मिळालेले. बाबांना नाव माहीत होतं. मला नव्हतं, हे लिहायला लाज वाटते. सौ. आणि मनू किल्ल्याचा बुरूज चढायला गेल्या, आई गुडघ्यामुळे बाकावर बसली, आणि मी बाबांना घेऊन पुलावर उभा राहिलो. प्लॅनप्रमाणे. खाली पाणी, समोर जिरेनियमच्या कुंड्या, हातात कॉफी. याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

मी काय बोललो असेन? "बाबा, पाणी किती स्वच्छ आहे ना."

बाबा म्हणाले, "हो." देवळीला नमस्कार करून ते आईकडे गेले.

हापिसात मी महिन्याला दोन-तीन वेळा लोकांना नको असलेल्या गोष्टी सांगतो. प्रोजेक्ट बंद, बजेट नाही, तुझा मोड्यूल काढून टाकतोय. सरावाने जमतं. इथे जीभ टाळ्याला चिकटली.

जेवायला फ्लामकुशे घेतला. पापडासारखी पातळ पोळी, तिच्यावर साय आणि कांदा. मूळ पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, ते वगळून मागावा लागतो. मागताना मी फ्रेंच, जर्मन आणि हातवारे हे तिन्ही वापरले. पूर्वी पाव भाजायच्या आधी भट्टी किती तापलीय हे बघायला ही पोळी टाकत, असं सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तवा तापलाय का बघायला मी पहिला छोटा डोसा टाकते तसं. त्याचे पंधरा युरो?" त्यानंतर पिशवीतले मेथीचे ठेपले निघाले. असो.

रिकविरकडे जाताना वाटेत बेनविर लागलं. द्राक्षांचे मळे तेच, टेकड्या त्याच, पण घरं सरळसोट, सिमेंटची, चर्चही आधुनिक. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "हे गाव नवं कसं?" मी गाडी बाजूला घेऊन सांगितलं. डिसेंबर १९४४ मध्ये कोलमारच्या भोवती जर्मन सैन्य अडकून बसलं होतं, ते फेब्रुवारी १९४५ पर्यंत हटलं नाही. त्या लढाईत बेनविर पार जमीनदोस्त झालं. कायझर्सबर्गलाही बराच मार बसला. तीन-चार किलोमीटरवरचं रिकविर मात्र जवळजवळ जसंच्या तसं वाचलं. त्यात रिकविरचं काही कर्तृत्व नाही आणि बेनविरची काही चूक नाही. एकाला आता जगभरातून लोक बघायला येतात आणि दुसऱ्यातून आमच्यासारखे गाडी न थांबवता जातात.

"पण इथे माणसं राहतात," बाबा म्हणाले. एका अंगणात वाळत घातलेले कपडे होते, एक मुलगा सायकलवर, एक बाई गाडीतून किराणा उतरवत होती. खरं होतं.

रिकविरमध्ये गर्दी म्हणजे तुळशीबाग. हजार-बाराशे लोकवस्तीचं गाव आणि त्या एका मुख्य रस्त्यावर तेवढेच पर्यटक एका वेळी. टोकाला डोल्डर नावाचा वेशीवरचा बुरूज, १२९१ सालचा, पंचवीस मीटर उंच. मजा म्हणजे हे गाव १३२४ पासून फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापर्यंत व्युर्टेम्बर्गच्या घराण्याकडे होतं, म्हणजे आमच्या स्टुटगार्टच्याच सरकारांकडे. मी अभिमानाने सांगितलं. बाबा म्हणाले, "ते ठीक आहे. इथे पीठ कुठे मिळतं?"

"पीठ?"

"नाही, ही सगळी दुकानं बघितली. वाइन, बिस्किटं, करकोच्याची बाहुली, परत वाइन. इथे राहणारा माणूस पीठ, मीठ, साबण कुठून आणतो?"

आम्ही बघत बघत वरपर्यंत गेलो. असेल एखादं बाजूच्या गल्लीत, आम्हाला काही दिसलं नाही.

आईला कुगेलहॉप्फ केकचा मातीचा साचा हवा होता, कारण तो तिला मोठ्या मोदकाच्या साच्यासारखा वाटला. त्या दुकानात एक सत्तरीच्या बाई होत्या. माझं जर्मन ऐकून त्या त्यांच्या आल्साशियन वळणाच्या जर्मनमध्ये बोलायला लागल्या. त्यांचे आजोबा जर्मनीत जन्मले, फ्रान्समध्ये मोठे झाले, परत जर्मनीत गेले आणि फ्रान्समध्ये वारले, आणि या सगळ्यात त्यांनी हे घर कधी सोडलं नाही. १८७१, १९१८, १९४०, १९४५. सरहद्दच त्यांच्या डोक्यावरून जात-येत होती. बाईंच्या काकांना १९४२ नंतर जर्मन सैन्यात जबरदस्तीने भरती केलं होतं. अशा लोकांना इथे 'आमच्या मनाविरुद्ध' अशा अर्थाचं नाव आहे, आणि आल्सासमधून अशी लाखभर माणसं गेली. काका रशियाहून परत आले नाहीत. हे सगळं त्या साचा कागदात गुंडाळता गुंडाळता सांगत होत्या.

"वर कोण राहतं, विचार," बाबा म्हणाले.

वर पाहुणे राहतात. सुट्टीसाठी भाड्याने देतात. त्या स्वतः कोलमारला फ्लॅटमध्ये राहतात, तिथे लिफ्ट आहे. गुडघे.

"आणि भिंती कोण लिंपतं?"

लिंपण्याला जर्मनमध्ये काय म्हणतात मला माहीत नव्हतं, मी हवेत हात फिरवून दाखवला. त्या हसल्या. माती आणि चुन्याचं काम करणारा माणूस मिळतो, पण महाग, आणि वर्षभर थांबावं लागतं. शिवाय खिडकीच्या झडपांचा रंग बदलायचा तरी सरकारी वास्तुतज्ज्ञाची परवानगी लागते. (प्रत्येक कमिटला कोड रिव्ह्यू. मला लगेच जवळची वाटली ती व्यवस्था.)

मग बाबांनी काय करावं, तर खिशातून फोन काढला आणि दादाने पाठवलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. पडवीचे वासे गेलेले, कौलं घसरलेली, आतला कूड अर्धा उघडा, त्यावर पाण्याचे ओघळ. "सांग त्यांना, आमचं घर."

मला कसंतरीच झालं. त्या देखण्या दुकानात तो फोटो. पण बाईंनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला, आणि एखाद्या डॉक्टरने सांगावं तसं सांगितलं, "आधी छप्पर. भिंतींचं नंतर बघा. वरून पाणी थांबलं की मातीची भिंत थांबते."

मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "तेच तर मी सांगतोय." कोणाला सांगत होते हे मला कधी कळलं नव्हतं.

बाहेर डोल्डरच्या खाली बसायला जागा मिळाली. सौ. आणि आई मनूला आइसक्रीम घ्यायला गेल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "दादाला हो म्हणून आलायस ना?"

"..."

"मला माहितीय. तो मलाही बोलला, तुझ्याशी बोलायला सांगितलंय म्हणून. अरे, सही करायला मला काय? एका मिनिटाचं काम. पण तो म्हणतो तुमच्या मुलाला विचारा, तू म्हणतोस बाबांना विचारतो. तुला काय वाटतं ते सांग की."

मी माझे मुद्दे सांगितले. पाठच होते. कोणी राहत नाही, दादाची ओढाताण, दुरुस्तीचा खर्च, मनू तर तिकडे कधी... बाबा ऐकत होते. मध्येच मला जाणवलं की वर्षभर मी मनातल्या मनात बाबांच्या नकारावर विसंबून होतो. ते नको म्हणणार, मी 'प्रयत्न केला रे' असं दादाला कळवणार, आणि घर आहे तिथे राहणार. माझा एक पैसा न जाता, एक दिवस रजा न जाता. बाबांनी ती सोयच काढून घेतली.

"हे सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "या बाईही तिथे राहत नाहीत. इथे कोणीच राहत नाही म्हणावं तर चालेल. त्यामुळे हे बघून मी काही भुललोय असं समजू नको. मला फक्त 'विका' असं तुमच्यापैकी कोणीतरी एकदा स्पष्ट म्हणा. माझ्या एकट्याच्या नावावर नको."

मी 'विका' म्हणालो नाही. 'नको' असंही म्हणालो नाही. मनू आइसक्रीम घेऊन आली, तिच्या फ्रॉकवर सांडलं, आणि पुढची दहा मिनिटं टिश्यू पेपर शोधण्यात गेली.

रात्री फ्रायबुर्गजवळच्या त्या खोलीत दादाला फोन लावला. स्पीकरवर. म्हटलं, नुसत्या छपराचा खर्च किती येईल ते काढ, मी देतो. दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पैसे तू पाठवशील रे. सुताराच्या डोक्यावर उभं कोण राहणार? मीच ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांकडे होतं. ते म्हणाले, मी जुलैत परत येतोय, पावसात छपराला हात लावता येणारच नाही, दिवाळीनंतर काम काढू आणि मी तिथे जाऊन राहतो. आई म्हणाली, "एकटे?" बाबा म्हणाले, "तू पण चल." आई म्हणाली, "गॅस नाही, संडास मागे आहे, मी येणार नाही." हे प्रकरण अजून मिटलेलं नाही.

त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते, मनूच्या शाळेला सुट्टीच. मी लॅपटॉप उघडून तीन तिकिटांचा आकडा बघितला आणि बंद केला. सौ.ने तो परत उघडला. "पैसे परत मिळतील असं घे," एवढंच म्हणाली.

विक्रीचं काय, हे दादाने विचारलं नाही, आम्हीही काढलं नाही. त्याने विचारलं ते एवढंच, की तोवर पडवीवर ताडपत्री टाकतो, केवढी आणू? मी म्हटलं मोजून बघायला लागेल. बाबा पलंगावर आडवे झाले होते, डोळे मिटलेले. तिथूनच त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"चोवीस बाय अठराची घे म्हणावं. दोन्हीकडून फूटभर लोंबली पाहिजे."